चोकला सोडायचं

माझा नवरा क्वार्टरबॅक घडवायचा. पुण्यात हे कुणालाही सांगितलं की समोरच्याला वाटतं त्याचा गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना होता. मग मी सांगते, नाही हो, तो खेळाडू असतो, अमेरिकन फुटबॉलमधला. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "पण तुम्ही तर आयर्लंडला होतात ना?" होतो. पुण्याच्या माणसाने आयर्लंडमध्ये राहून तिथल्या मुलांना अमेरिकेचा खेळ शिकवायचा, यात काही तर्क नाही हे मला मान्य आहे. बायकोच्या हक्काने मी त्याला ते पुष्कळदा ऐकवलंही होतं. आता ऐकवायला तो नाही, म्हणून लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही आयर्लंडमधल्या नास या गावी राहायला गेलो. त्याची नोकरी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात, माझी एका छोट्या फर्ममध्ये सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायची. हे काम तुला घरीही उत्तम जमतं, असं तो म्हणायचा. मुलगी नुकती पावलं टाकायला लागली होती. तेवढ्यात कारखान्याने त्याला काही महिने अमेरिकेत ट्रेनिंगला पाठवलं. जाताना चांगला शहाणा माणूस गेला होता. परत आला तो बॅगेत लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता चामड्याचा बॉल घेऊन. मी मुलीसाठी बाहुली आणायला सांगितली होती.

त्याच कारखान्यात एक अमेरिकन होता, वयाने आमच्याहून मोठा, धिप्पाड, नोकरीनिमित्त काही वर्षांसाठी आयर्लंडला आलेला. त्याने गावातली मुलं जमवून एक संघ काढला होता. रग्बी सोडलेले, तिथल्या गेलिक फुटबॉलमध्ये मन न रमलेले, आणि काही नुसतेच हेल्मेट घालायला मिळतं म्हणून आलेले. रविवारी सकाळी एका रग्बी क्लबच्या उसन्या मैदानावर सराव चालायचा. नवरा पहिल्यांदा गेला तो पाण्याच्या बाटल्या भरायला. वर्षभरात तो त्या संघाचा क्वार्टरबॅकचा कोच झाला, आणि हे कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही, कारण त्याला स्वतःला बॉल धड फेकता येत नव्हता. त्याचा बॉल हवेत डुगडुगत जायचा आणि भलतीकडेच पडायचा. लग्नात त्याने घातलेला हारसुद्धा माझ्या कानात अडकला होता.

खेळ त्याने मला मिसळणाच्या डब्यावर समजावला. ओट्यावर डबा उघडून वाट्या मांडल्या. हळद, तिखट, मोहरी, जिरं या आपल्या बाजूच्या, चहाचे कप म्हणजे अंगावर धावून येणारे शत्रू. "आणि ही हिंगाची डबी म्हणजे क्वार्टरबॅक. बॉल हिच्या हातात. लांब पळालेल्या आपल्या माणसांपैकी कोण मोकळा आहे ते हिने बघायचं आणि त्याच्याकडे फेकायचा. वेळ फार तर तीन-चार सेकंद. तेवढ्यात नाही फेकला तर हे सगळे कप हिच्या अंगावर."

"मग ती फेकत का नाही?"

"कारण घाबरल्यावर माणसाला एकच गोष्ट दिसते," तो म्हणाला. "मी त्यांना घाबरल्यावर बघायला शिकवतो."

तिखट सांडलं होतं. मी त्यावरून भांडले. पण हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

अमेरिकन कोचचं मत वेगळं होतं. तो अधूनमधून आमच्याकडे यायचा, उपम्याची बशी मांडीवर घेऊन बसायचा आणि ठासून सांगायचा की क्वार्टरबॅक जन्मावा लागतो. खांदा मजबूत करता येतो, पाय चपळ करता येतात, पण नजर कुणाला देता येत नाही. नवऱ्याला हे अजिबात पटायचं नाही. "नजरेलाही वळण लावता येतं," असं त्याला म्हणायचं होतं, आणि वळण या शब्दाला इंग्रजी सापडेना. त्याने माझ्याकडे बघितलं.

"हॅबिट म्हण," मी म्हणाले.

"हॅबिट नाही गं. सवय वेगळी, वळण वेगळं."

शेवटी तो हाताने हवेत काहीतरी वळवून दाखवत राहिला, आणि अमेरिकन कोच समजल्यासारखी मान हलवत उपमा खात राहिला.

वाद टोकाला गेला तो एका मुलावरून. इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम शिकणारा, विशीच्या आतला, उंच, लाजला की कान लाल होणारा मुलगा. खांदा असा की बॉल या टोकापासून त्या टोकाला जायचा. पण जायचा तो नेहमी एकाच माणसाकडे, त्याच्या चुलतभावाकडे. चुलतभावाभोवती तीन जण उभे असले तरी हा तिकडेच फेकणार. बाकीचे दोघं मोकळ्या मैदानात हात हलवून दमायचे. नवरा म्हणायचा, याने त्या भावाशी लग्न लावलंय. अमेरिकन कोचचा धीर सुटला होता. डब्लिनला शिकायला आलेला एक अमेरिकन विद्यार्थी होता, लहानपणापासून हाच खेळ खेळलेला. त्याला आणायचं असं ठरत होतं.

नवऱ्याने एक मोसम मागून घेतला. "हा मुलगा मला द्या. याचा क्वार्टरबॅक झाला नाही तर तुमचा माणूस आणा, आणि मीही बाजूला होतो." घरी येऊन त्याने हे मला फुशारकीने सांगितलं. मी विचारलं, आणि नाही झाला तर? तो उठून बॉलवरचा चिखल पुसायला लागला. त्या पुसण्यावरून मला कळलं, की हा आता रविवारचा विरंगुळा राहिलेला नाही.

मुलगा संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात यायला लागला. माझं कपडे वाळवायचं स्टँड डावीकडे, कचऱ्याचा हिरवा डबा मध्ये, मुलीची सायकल उजवीकडे. ही तीन माणसं. क्रमाने बघायचं, पहिला, दुसरा, तिसरा, आणि कुणीच मोकळा नसेल तर बॉल रेषेबाहेर फेकून मोकळं व्हायचं. नवरा इंग्रजीत आकडे मोजायचा, आणि तिथेच सगळं बिघडायचं. मुलगा घाबरला की त्याचे आकडे पळायला लागायचे. वन म्हणता म्हणता थ्री यायचा आणि बॉल पुन्हा स्टँडवर, माझ्या धुतलेल्या चादरीवर. एके दिवशी वैतागून नवरा ओरडला, "अरे, नीट म्हण! बे एके बे!"

मुलगा म्हणाला, "सॉरी कोच?"

मी खिडकीत होते. नवऱ्याचा चेहरा मला अजून दिसतो. काहीतरी हरवलेलं खिशातच सापडावं तसा झाला होता. पाढ्याला स्वतःची चाल असते. ती पळवता येत नाही, पळवली की जीभ अडखळते. लहानपणी रोज दिवेलागणीला म्हणून म्हणून ती त्याच्या अंगात भिनलेली होती. त्याने लगेच बसवून टाकलं. बे एके बे, डावीकडे बघ. बे दुणे चार, मध्ये. बे त्रिक सहा, उजवीकडे. बे चोक आठ, सोड. सोड म्हणजे बॉल हातातून गेलाच पाहिजे, मोकळ्या माणसाकडे नाहीतर रेषेबाहेर, पण हातात राहायचा नाही. "चोकला सोडायचं," हे तो मराठीतच म्हणायचा, आणि मुलगा मान हलवून म्हणायचा, "ग्रँड, कोच. चोकला सोड." ग्रँड म्हणजे तिकडे नुसतं ठीक आहे.

पंधरा दिवसांत अख्खा संघ पाढा म्हणायला लागला. कुणी कसा माणूस अडवायचा, कुणी किती पळून वळायचं, सगळं पाढ्याच्या तालावर. त्या मुलांना वाटायचं ही भारतातली प्रार्थना आहे. मुलगा एकदा दबकत मला विचारून गेला होता, की हे म्हणताना बूट काढायला हवेत का. मी नवऱ्याला म्हटलं, अरे सांग ना त्यांना, बेचा पाढा आहे म्हणून. तो पोट धरून हसला. "कशाला? पाढा म्हटलं तर कंटाळतील. प्रार्थना म्हटलं तर मनापासून म्हणतील." सामन्याआधी ती आडदांड पोरं गोल करून, डोळे मिटून म्हणायची, बे एके बे. एक जण तर शेवटी छातीवर क्रूसाची खूण करायचा.

आमच्या मुलीला मी वर्षभर पाढे शिकवत होते. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते आमच्या किलडेअर परगण्याच्या इंग्रजीत, "आय ॲम ग्रँड, आई, आय डोन्ट नीड इट." तो मुलगा म्हणायला लागल्यावर मात्र बाईसाहेबांनी तीन संध्याकाळींत बेचा पाढा दाहेपर्यंत पाठ केला आणि त्याचे उच्चार सुधारायला अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. तो जेवायला थांबला की प्रेसमधून, म्हणजे तिकडच्या भाषेत कपाटातून, स्वतःच्या हाताने लोणच्याची बरणी काढायचा. वरणभाताला त्याने कधी नाव ठेवलं नाही. मला तो आवडायला लागला होता. नवऱ्याला तर तो पोटच्या पोरासारखा झाला होता, हे मी कौतुकाने सांगत नाही. मला त्याची भीती वाटायची. दुसऱ्याच्या मुलावर इतका जीव लावू नये असं मला वाटायचं, कारण ती मुलं आपल्या गतीने मोठी होतात आणि आपण अंगणात राहतो.

वसंतातल्या एका सामन्यात ते घडलं. पाऊस, वारा, बॉल साबणासारखा निसटत होता. मुलाने चुलतभावाकडे बघितलं आणि फेकला नाही. मध्ये बघितलं. मग उजवीकडे, जिथे गावातला एक सुताराचा मुलगा कधीपासून एकटाच पळत होता, तिकडे. आणि सोडला. रेषेबाहेर उभ्या नवऱ्याचे ओठ हलत होते. सुताराच्या मुलाच्या हातात बॉल गेला तेव्हा नवरा ओरडला नाही, नाचला नाही. खाली बसला आणि बुटाची लेस बांधायला लागला, जी सुटलेली नव्हती. घरी येताना गाडीत म्हणाला, "त्याने तीन नंबर बघितला. पाहिलंस ना तू?" पाहिलं होतं. तरी त्याने रात्रीच्या जेवणापर्यंत दहा वेळा विचारलं, आणि मी दहा वेळा हो म्हटलं. माझ्या स्वभावाला हे शोभणारं नव्हतं, पण बरं झालं मी म्हटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, तो कोथिंबीर चिरत होता. दुसऱ्या दिवशी सामना होता आणि मुलगा घरी येणार होता. तो मला काहीतरी सांगायला वळला. "तो... ते... त्याचं ते..." म्हणाला आणि नाव आठवत नसल्यासारखा हसला. हसू एकाच बाजूला गेलं. मग सुरी खाली पडली.

नासचं हॉस्पिटल आमच्या घरापासून जवळ होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. त्याला सगळं कळत होतं. चेहऱ्यावरून, डोळ्यांवरून दिसत होतं. पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "असं." पाणी हवं असलं तरी असं, उशी नको असली तरी असं, मुलगी शाळेतून आली तरी असं. मुलाला शिकवताना तो हा शब्द सारखा वापरायचा, हात असं, पाय असं, मान असं. सगळी भाषा वाहून गेली आणि तेवढा एक खडा तळाशी राहिला. मी दिवसभर शहाण्यासारखी वागायचे आणि गाडीत बसले की स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायचे.

मोसम तसाच पुढे चालू राहिला. कडेला कुणी उभं नाही म्हटल्यावर मुलगा पुन्हा चुलतभावाकडे फेकायला लागला. दोन सामने त्याने हातचे घालवले. अमेरिकन कोच हॉस्पिटलमध्ये आला, खुर्ची ओढून बसला, आणि खोटं बोलणं त्याला जमत नसल्यामुळे खरं बोलला. मुलगा तयार नाही. विद्यार्थ्याला बोलावलं आहे. मला इतका राग आला की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. शब्द घेतला होता तो एका मोसमाचा, मोसम अर्धाही झाला नव्हता, आणि ज्याने घेतला त्याच्या तोंडात आता शब्दच नव्हता. नवरा "असं" म्हणाला आणि चेहरा भिंतीकडे केला. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्याला हरलेलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

तो घरी आल्यावर मुलगा दर रविवारी यायला लागला. संघात होता, पण बाकावर. कान लाल करून सोफ्याच्या टोकावर बसायचा, चहा प्यायचा. सगळं आपल्यामुळे झालं असं त्याला वाटत असावं. बोलणार काय? एक बोलू शकत नाही आणि दुसऱ्याला सुचत नाही. असाच एका रविवारी तो बॉल या हातातून त्या हातात करत बसला होता, आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "बे एके बे."

"बे दुणे चार," नवरा म्हणाला.

मी स्वयंपाकघरात होते. हातातलं तसंच टाकून धावले. तो म्हणत होता, स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात, एकही अक्षर न अडखळता. बे त्रिक सहा. बे चोक आठ. सोड. आणि थांबला नाही, पंचे दहा, सक बारा, थेट दाहे वीसपर्यंत गेला. मुलगी जिन्यावरून उड्या मारत खाली आली. मुलगा रडत होता, मी रडत होते, आम्ही त्याच्याभोवती वेड्यासारखे उभे होतो. मी त्याच्या समोर गुडघ्यावर बसले. "मी कोण? माझं नाव सांग. सांग ना." त्याने तोंड उघडलं. खूप जोर लावला. कपाळावर शीर उठली.

"असं," तो म्हणाला.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी नंतर समजावलं. पाठ केलेलं आणि बोललेलं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. लहानपणी घोकलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं, पण त्यातून बोलणं परत येईलच असं नाही. बाई चांगल्या होत्या, हळू बोलत होत्या. मला मात्र त्या पाढ्याचा संताप आला. बे नवे किती ते त्याला येत होतं आणि तहान लागली हे सांगता येत नव्हतं. अशा विद्येचं काय करायचं?

तरी आम्ही रोज म्हणायचो. मुलगी शाळेतून आली की त्याच्यासमोर मांडी घालून बसायची आणि सुरुवात करून द्यायची. त्याचा आवाज ऐकायला मिळायचा, एवढ्यासाठी. एकदा मी त्याच्या लुळ्या हाताला व्यायाम देत होते, बोटं एकेक करून उघडत होते, आणि तो पाढ्यात चोकपर्यंत आला. "सोड," तो माझ्याकडे बघत म्हणाला. मी त्याचा हात पटकन सोडला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं हे मला कळत होतं. तो पाढ्यातला शब्द होता, चालीबरोबर घसरत आलेला. तरी मला पुन्हा तो हात धरायला थोडा वेळ लागला.

पुढच्या उन्हाळ्यात विद्यार्थी शिक्षण संपवून मायदेशी गेला. संघाला दुसरा कुणी मिळेना, म्हणून पुन्हा त्या मुलाला उभं केलं. त्याने आम्हाला नुसता निरोप पाठवला नाही, तो स्वतः गाडी घेऊन आला. व्हीलचेअर डिकीत घातली, कोचला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मैदानावर वारा होता. मी नवऱ्याच्या मांडीवर घोंगडी टाकली आणि मागे उभी राहिले. अमेरिकन कोचने लांबून हात केला.

सामना ते हरत होते आणि शेवटी हरलेच. पण दुसऱ्या अर्ध्यात एकदा बॉल मुलाच्या हातात आला आणि व्हीलचेअरमधून आवाज आला. बे एके बे. मुलाने डावीकडे बघितलं, झाकलेला. बे दुणे चार. मधला पडलेला. बे त्रिक सहा. उजवीकडचाही अडवलेला. बे चोक आठ. "सोड!"

मुलाने सोडला नाही.

नवरा थांबला. रेषेबाहेर फेकायला हवा होता, तसंच शिकवलं होतं. दोन दांडगे मुलाच्या अंगावर आले होते. तो एकाच्या हाताखालून निसटला, उजवीकडे पळाला, पळता पळता त्याने पुन्हा मान वळवली, डावीकडे, मध्ये, आणि अंगाचा तोल जाताना लांब, अगदी टोकाला फेकला. तिथे चुलतभाऊ होता, एकदम मोकळा. आमच्याकडची शंभरएक माणसं ओरडली. मुलगा जमिनीवर पडला होता आणि त्याला बॉल पोचलेला दिसलाही नसेल.

अमेरिकन कोच आमच्याजवळ आला. वाकून, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघितलंस? ते शिकवता येत नाही." त्याला वाटलं त्याने वाद जिंकला. चोकच्या पुढचं शिकवता येत नसेलही. पण तो मुलगा चोकपर्यंत उभा राहायलाच शिकला होता ना, आधी तर तो एकेच्या पुढे कधी गेला नव्हता. मी हे इंग्रजीत मांडायला लागले आणि वळणला शब्द सापडेना. खुर्चीत नवऱ्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, दोन्ही डोळ्यांतून. "असं," तो म्हणाला. "असं. असं." त्या एका शब्दाचे मी तोवर शेकडो अर्थ लावले होते. त्या दिवशी लावावा लागला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, दोन हजार सात उजाडल्यावर, त्याला पुन्हा झटका आला. या वेळी हॉस्पिटलही काही करू शकलं नाही.

अंत्यसंस्कार डब्लिनच्या विद्युतदाहिनीत झाले. भटजी मिळाले नाहीत. आमच्यातल्याच एका काकांनी आठवतील तेवढे श्लोक म्हटले. कारखान्यातली माणसं, आमची मराठी मंडळी, आणि मागे भिंतीला लागून तो सगळा संघ, उसने काळे कोट घालून, हात पुढे बांधून. दारातच त्या मुलाने मला गाठलं होतं. कान लाल झाले होते. "मिसेस, आम्ही कोचची प्रार्थना म्हटली तर चालेल का?"

तो बेचा पाढा आहे, असं मी म्हणू शकले असते. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, चालेल.

ते पुढे आले आणि शवपेटीभोवती गोल करून उभे राहिले. अमेरिकन कोचही त्यांच्यात होता, पण त्याला एकट्यालाच पाढा येत नव्हता, म्हणून तो मान खाली घालून राहिला. मुलाने सुरुवात केली. बे एके बे. सगळ्यांच्या माना नकळत जराशा डावीकडे वळल्या. बे दुणे चार. समोर. बे त्रिक सहा. उजवीकडे. आमची मराठी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कुणाला हसू आलं नाही. मी पेटीवर हात ठेवून उभी होते, तो उचलायचं माझ्याने होत नव्हतं, आणि पेटी आत न्यायला बाजूला उभा असलेला तिथला माणूस घड्याळ न बघता थांबून राहिला होता.

"बे चोक आठ," ती मुलं म्हणाली. आणि मग, लागलेल्या वळणाने, सगळी एका आवाजात, "सोड."

त्यांच्या लेखी त्या शब्दाचा एवढाच अर्थ होता, की बॉल आता हातात ठेवायचा नाही. मी पेटीवरचा हात काढला.